पुसट शिक्क्याचा पत्ता

जनाजा उचलण्यापूर्वी भाईजानने अंगणात जमलेल्या लोकांना विचारले, "मरहूमांकडे कुणाचे काही येणे राहिले असेल तर आत्ताच सांगा. आम्ही फेडू." आपल्याकडे ही रीतच आहे. कुणी पुढे आले नाही. अब्बा जन्मभर उर्दू शाळेत शिक्षक होते आणि उधारीचे त्यांना वावडे होते. वाण्याची वहीसुद्धा त्यांनी कधी घरात येऊ दिली नाही. त्यामुळे त्या दुःखातही आम्हाला तेवढे समाधान वाटले.

सावकार निघाला तो चार महिन्यांनी. पावसाळ्यानंतर अब्बांची लोखंडी पेटी उन्हात टाकायला काढली, तेव्हा तळाशी काळ्या कापडी बांधणीचे एक पुस्तक सापडले. मौलाना हालींचे 'यादगार-ए-गालिब'. आत पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर परतीच्या तारखांचे ठसे, शेवटचा ठसा ९ मार्च १९६९ चा. पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का होता. त्यातली 'दारुल मुताला' ही अक्षरे वाचता येत होती, म्हणजे वाचनालय. खाली 'बंबई १' असेही दिसत होते. मध्ये त्या वाचनालयाचे नाव असणार, पण नेमके तेच आमच्या कोकणच्या दमट हवेने खाऊन टाकले होते.

अम्मीला आठवत होते. लग्नाआधी, १९६८-६९ साली, अब्बा बी.एड. करायला मुंबईला होते. डोंगरीत आमच्या गावच्या जमातीची एक खोली होती. गावचे खलाशी, गोदीतले कामगार, नोकरी शोधायला आलेली मुले असे पंधरा-वीस जण तिथे पाळीपाळीने झोपत. रात्री दिवा लावून वाचत बसणे म्हणजे थकून आलेल्याची झोपमोड. म्हणून अब्बा वाचनालयांत जाऊन बसत. परीक्षा संपली आणि गावाकडच्या शाळेत लगेच हजर होण्याचा हुकूम आला. सामान बांधण्याच्या घाईत पुस्तक पेटीत आले ते आलेच. माझ्या मुलीची तेव्हा नुकतीच दहावीची परीक्षा होऊन अकरावी सुरू झाली होती. तिने लगेच दंडाचा हिशेब केला. रोजचे पाच पैसे धरले तरी पंचावन्न वर्षांचे हजार रुपयांच्या वर झाले.

आमच्या मशिदीच्या मौलानांना विचारले. ते म्हणाले, "अमानत आहे, ताई. आधी मालक शोधा. मनापासून शोधा. नाहीच सापडला तर पुढचे मग बोलू."

'बंबई १' म्हणजे फोर्ट. पिनकोड १९७२ साली आले, त्याआधी मुंबईच्या टपाल विभागांना असे नुसते आकडे असत. तेव्हा शोध घ्यायचा तो फोर्टमध्ये हे ठरले. नाताळच्या सुट्टीत मुलीला घेऊन मी रत्नागिरीहून कोकणकन्येत बसले. पुस्तक अम्मीच्या जुन्या ओढणीत गुंडाळून पर्समध्ये ठेवले होते.

पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. स्टेशनसमोर रस्त्यापलीकडे घुमटांची जी पिवळसर दगडी इमारत दिसते, ती अंजुमन-ए-इस्लामची. तिथूनच सुरुवात करायची हे मी गाडीत ठरवले होते. ही संस्था १८७४ सालची. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा मोहम्मद अली रोगे आणि मुन्शी गुलाम मोहम्मद यांनी ती काढली. रोगे म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांतले जहाजमालक घराणे. इमारतीचा पाया १८९० साली घातला गेला आणि १८९३ मध्ये ती उघडली. तय्यबजी १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले, पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, हे आपण मुलांना शिकवतो. ज्या शहरात मोठमोठी वाचनालये दुसऱ्यांची होती तिथे आपल्या मुलांना बसायला जागा हवी, हे या माणसांना कळले होते. शिकवताना ते सांगायचे राहून जाते.

इथली करीमी लायब्ररी उर्दू, फारसी आणि अरबी पुस्तकांसाठी ओळखली जाते. शेजारीच अंजुमनची उर्दू संशोधन संस्था. तिचे काम नजीब अशरफ नदवी यांनी उभे केले आणि तिच्या 'नवा-ए-अदब' या त्रैमासिकाचे चार-सहा जुने अंक अब्बांच्या पेटीतही निघाले होते. तिथल्या एका गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून शिक्का पाहिला, पान उजेडात धरले, मग भिंगही आणले. "हा आमचा नाही, बेटी," ते म्हणाले. "छोट्या ठिकाणचा वाटतो. त्या काळी असे गल्लोगल्ली होते." पुस्तक परत देताना त्यांनी ते दोन्ही हातांनी दिले. एवढ्यासाठी रत्नागिरीहून आलात का, असे त्यांनी विचारले नाही.

दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागलो. उजव्या-डाव्या बाजूच्या कमानींखाली फेरीवाले दुकाने मांडत होते. थोडे पुढे पेटिट लायब्ररी लागते. १८५६ साली काही पारशी तरुणांनी 'फोर्ट इम्प्रूव्हमेंट लायब्ररी' या नावाने ती सुरू केली. पुढे पेटिट घराण्याच्या देणगीतून १८९८ मध्ये आजची इमारत झाली आणि जमशेटजी नसरवानजी पेटिट यांचे नाव तिला मिळाले. रंगीत काचांतून येणारा उजेड मोठ्या टेबलांवर पडतो. सुरुवात करणारे शेठ नव्हते, पंचविशीच्या आतबाहेरची पोरे होती, हे मुलीला फार आवडले. आमचा शिक्का इथला असण्याचा संभव नव्हता. आम्ही पाहून निघालो.

तिथून हुतात्मा चौक ओलांडून टाऊन हॉलकडे. इथे मात्र मुलगी खालीच थबकली. त्या तीस पायऱ्या पाहून कुणीही थबकेल. "अम्मी, हे वाचनालय आहे की कोर्ट?" तिने विचारले. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. सर जेम्स मॅकिंटॉश नावाच्या स्कॉटिश न्यायाधीशाने १८०४ साली मुंबईत जी साहित्य सभा स्थापन केली, तिचीच पुढे एशियाटिक सोसायटी झाली. टाऊन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाला. दान्तेच्या महाकाव्याचे जुने हस्तलिखित इथे आहे, फिरदौसीचा शाहनामा आहे. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना जी टेबले वापरली तीही इथलीच. पण पहिली कित्येक वर्षे इथे हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. माणेकजी खरशेटजी या पारशी गृहस्थांना बरीच झुंज द्यावी लागली, तेव्हा कुठे १८४० साली त्यांना आत घेतले गेले. पुस्तके आपल्या देशाची, आपल्या भाषांची, आणि वाचायला आपणच नाही. मी हे सांगत असताना मुलगी पायऱ्या मोजत होती. वर पोचल्यावर म्हणाली, "मग त्यांनी पायऱ्या उगीच नाही एवढ्या बांधल्या."

त्याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ज्या चार ग्रंथालयांना मिळण्याचा हक्क आहे, त्यांतले हे एक. बाकीची कोलकाता, चेन्नई आणि दिल्लीला. वाचनकक्षात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले-मुली मान खाली घालून बसली होती. दोन मुली हिजाबमध्ये होत्या, त्यांच्यासमोर एकच डबा उघडा होता आणि मध्ये वही. डोंगरीतल्या त्या खोलीत ज्यांना झोपमोड नको म्हणून बाहेर पडावे लागले, त्यांचीच ही नातवंडे-पतवंडे असतील, नसतील. जागेची अडचण मात्र तीच आहे. मुंबईत घर म्हणजे एक खोली असेल तर अभ्यास कुठे करायचा, हा प्रश्न पंचावन्न वर्षांत सुटलेला नाही.

दुपारी परत पश्चिमेला येऊन विद्यापीठाच्या फाटकाशी पोचलो. राजाबाई टॉवर मुलीने सिनेमात पाहिला होता. त्याच्या खाली ग्रंथालय आहे हे तिला माहीत नव्हते, आणि खरे तर ग्रंथालयासाठीच आधी पैसा दिला गेला होता. कापसाच्या तेजीत अफाट श्रीमंत झालेले प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे नाव. दुसऱ्याच वर्षी तेजी कोसळली, प्रेमचंद स्वतः बुडाले. इमारत मात्र उभी राहिली आणि १८७८ मध्ये पूर्ण झाली. मनोऱ्याची उंची २८० फूट.

मला इथे यायचे होते ते दुसऱ्याच कारणासाठी. शिक्का इथला नाही हे आधीच माहीत होते. या ग्रंथालयात अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. त्यांची सविस्तर सूची शेख अब्दुल कादिर सरफराज या फारसीच्या प्राध्यापकांनी तयार केली आणि ती १९३५ साली छापली गेली. सूची करणे म्हणजे काय ते ज्याने शाळेच्या कपाटातली दोनशे पुस्तके नोंदवली आहेत त्याला विचारावे. पान सुटलेले, लेखकाचे नाव नाही, सुरुवातीचा कागद वाळवीने खाल्लेला. प्रत्येक पोथी उघडायची, वाचायची, मोजायची. हे काम करणाऱ्याचे नाव कुणी लक्षात ठेवत नाही.

आणि याच ग्रंथालयाला आसफ अली असगर फैजी यांनी आपला इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह देऊन टाकला. फैजी हे नाव आपल्या घरांत कमी घेतले जाते. जन्म १८९९ सालचा, माथेरानचा, सुलेमानी बोहरा घराण्यातला. केंब्रिजला शिकले, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, मुस्लिम कायद्यावरचे त्यांचे पुस्तक आजही वकील वापरतात. फातिमी काळातल्या काझी नोमान यांच्या 'दआइमुल इस्लाम' या अरबी ग्रंथाची प्रत शुद्ध करून त्यांनी कैरोत छापून घेतली. स्वातंत्र्यानंतर इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते, नंतर काश्मीरच्या विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांच्या काही मतांशी आपल्यातल्या अनेकांचे जमले नाही, आजही जमणार नाही. पण मी त्यांच्याबद्दल लिहिते आहे ते वेगळ्या कामासाठी.

१९३९ साली मुंबई प्रांताच्या सरकारने गावोगावी वाचनालये कशी निघतील याचा विचार करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष फैजी. पुढच्या वर्षी अहवाल आला. त्यात एक उतरंड मांडली होती: वर प्रांताचे मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली विभागाचे, मग जिल्ह्याचे, तालुक्याचे आणि शेवटी गावाचे. वाचणे ही शहरातल्या शेठलोकांच्या किंवा साहेबांच्या मर्जीची बाब राहू नये, पुस्तक खेड्यातल्या माणसापर्यंत चालत जावे, असा त्याचा रोख. लढाईच्या दिवसांत ते कागद तसेच पडून राहिले. नंतर त्यातल्या काही गोष्टी झाल्या. सकाळी टाऊन हॉलमध्ये आम्ही ज्या मध्यवर्ती ग्रंथालयात उभ्या होतो, ते या आराखड्याचेच वरचे टोक. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला, आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये आला. आज तुमच्या गावच्या वाचनालयाच्या पाटीवर 'शासनमान्य, वर्ग ब' किंवा 'वर्ग क' असे लिहिलेले असते ना, ते या कायद्यामुळे.

ही गोष्ट मला बी.एड.च्या वर्गात कुणी सांगितली नाही. अब्बांनी सांगितली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, महाराष्ट्रातले सर्वात जुने. अब्बा मला तिथे घेऊन जात. मराठी कादंबऱ्या मी तिथेच वाचल्या. एकदा मी विचारले की उर्दू पुस्तके इथे का नाहीत. तेव्हा ते म्हणाले, "मागितली तर येतील. वाचनालय मागणाऱ्याचे असते." आणि मग फैजीसाहेबांची ही हकिकत. त्यांनी ती डोंगरीच्या दिवसांत कुठेतरी ऐकली असावी. विद्यापीठाच्या दगडी कमानीखाली उभी राहून मी ती मुलीला सांगितली, तेव्हा मनात एकच होते. स्वतःच्या संग्रहातल्या दुर्मीळ पोथ्या देऊन टाकणारा माणूस एकीकडे, आणि वाचनालयाचे एक पुस्तक जन्मभर पेटीत ठेवणारे माझे अब्बा दुसरीकडे. मुलीने माझा चेहरा पाहिला असावा. "नाना विसरले असतील गं," ती म्हणाली. पण ते पुस्तक विसरलेले नव्हते. चिठ्ठीजवळ अलीकडच्या कागदात बांधलेला कडुनिंबाचा पाला होता. ते दर वर्षी तो बदलत असावेत.

काळा घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयात पोचलो तेव्हा पाय बोलू लागले होते. टांकसाळ आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या लोकांनी १८४७ मध्ये कामगारांसाठी म्हणून ही संस्था काढली. डेव्हिड ससून यांनी साठ हजार रुपये दिले आणि १८७० मध्ये मालाडच्या पिवळ्या दगडातली ही इमारत तयार झाली. ससून हे बगदादचे यहुदी. तिथल्या सुभेदाराच्या जुलमामुळे पळून मुंबईला आले. घरात अरबी बोलत. जिन्याशी त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, डोक्याला फेटा, अंगात झगा, पाहताच एखादे बुजुर्ग वाटावेत असा. दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये ही वास्तू पुन्हा खुली झाली. मागे बाग आहे. एवढ्या गजबजाटाच्या मध्यभागी ती झाडे आणि ती शांतता कशी टिकली ते अल्लाहच जाणे. आम्ही तिथे दहा मिनिटे नुसत्या बसलो. शिक्का इथलाही नव्हता.

संध्याकाळी पुस्तक घेऊन मोहम्मद अली रोडला गेलो. मगरिबनंतर एका जुन्या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात शिरलो. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, दृष्टी अधू झालेली. त्यांनी शिक्का पाहिलाच नाही. पुस्तकाच्या कण्यावरून बोट फिरवले आणि बांधणी ओळखली. "बाजारगेटच्या बाजूला होता हा दारुल मुताला," ते म्हणाले. "एका इमारतीच्या माळ्यावर. दोन बाकडी, चार कपाटे. गोदीतून सुटलेली माणसे यायची. एक जण 'इन्किलाब' मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. ज्यांना अलिफ-बे येत नव्हते तेही सभासद होते." मी नाव विचारले. त्यांनी खूप वेळ आठवून पाहिले. "सगळे नुसते दारुल मुतालाच म्हणायचे," एवढेच ते बोलले. इमारत धोक्याची झाली तेव्हा कपाटे खाली उतरवली. काही पुस्तके कुणाकुणाच्या घरी गेली, बाकीची किलोने. "तुमच्या अब्बांनी नेले म्हणून हे एक तरी राहिले," असे म्हणून ते हसले. मुलीला हसू आले, मला आले नाही.

त्यांनीच सांगितले की जुमा मशिदीच्या मदरशातही कुतुबखाना आहे, तिथे अरबी-फारसी हस्तलिखिते आहेत, वेळ असेल तर पाहून जा. ती मशीद १८०२ सालची, खाली पाण्याचा हौद असलेली, आपल्या कोकणी जमातीची. आमच्या गाडीची वेळ झाली होती. पुढच्या खेपेला, इन्शाअल्लाह.

गावी परतल्यावर मौलानांना सगळे सांगितले. ते म्हणाले, मालक शोधूनही सापडत नसेल तर अमानत मालकाच्या नावाने सदका करावी. वाचनालयाची वस्तू वाचनालयालाच जावी हे बरे. दंडाचे काय, असे मुलीने विचारले तेव्हा मौलानाही जरा गोंधळले, मग म्हणाले, "तेही तसेच करा."

त्या हजार रुपयांतून शाळेच्या वाचनालयात काही महिने एक उर्दू आणि एक मराठी वर्तमानपत्र येईल अशी व्यवस्था केली. पुस्तक दाखल नोंदवहीत चढवायला मी स्वतःच बसले. नाव, लेखक, पृष्ठे लिहून झाली. 'देणगीदार' या रकान्यात 'दारुल मुताला, बंबई १' असे लिहिले आणि 'मार्फत' म्हणून अब्बांचे नाव. मुख्याध्यापकांनी सही करण्यापूर्वी वही पाहिली, दोनदा वाचली, काही विचारले नाही. फक्त रिकाम्या राहिलेल्या रकान्यावर बोट ठेवले. "मॅडम, किंमत?"

"अडीच रुपये, सर," मी म्हटले. "छापील आहे तीच."